मोबाइलवर शाळकरी पोरांची फिल्म काढताय? कॅमेऱ्याचं नंतर, आधी आवाजाचं बघा

प्रश्न काय होता ते बाकीच्यांसाठी थोडक्यात. मुलगा २३ वर्षांचा, गाव कराडच्या बाजूला, नववी-दहावीतल्या चार पोरांची गोष्ट लिहून तयार आहे, इकडून तिकडून जमवून ६ लाख होतात, मित्राकडे चांगला आयफोन आहे. विचारतोय की आता मोबाइल आणि एआय आल्यावर टीनएज फिल्म एवढ्यात होते का, की कॅमेरा भाड्याने घेऊ, आणि हल्लीची पोरं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात ते पडद्यावर दाखवायचं कसं, बघणारा झोपेल ना.

मी लोकेशन साउंड करतो. म्हणजे शूटिंगच्या जागेवर आवाज रेकॉर्ड करणारा, सगळे सावलीत बसलेले असताना बूम (लांब काठीला लावलेला माइक) घेऊन उन्हात उभा असतो तो. फिल्म, सिरीयल, वेबसिरीज सगळं केलंय आणि शाळकरी पोरांच्या फिल्म का कुणास ठाऊक जरा जास्तच वाट्याला आल्या. त्यामुळे माझं उत्तर आवाजाकडे झुकणार हे धरूनच वाच, कॅमेरावाला इथे आला की तो लेन्सवर बोलेल. आणि वयावरून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

तू विचारलंस कॅमेऱ्याचं, पण आजकाल चित्र कुणाचंच फार वाईट येत नाही रे. तुझं खरं काम वेगळं आहे. कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली चार पोरं, त्यांच्याकडून खरं वाटेल असं काम काढायचं, ती जशी बोलतात तसंच ते टिकवायचं, आणि मग त्याच वयाच्या पोरांपर्यंत ते पोचवायचं. यातल्या पहिल्याला टेक्नॉलॉजीने खूप मदत केलीय, दुसऱ्यालाही केलीय पण लोक ती घेत नाहीत, आणि तिसऱ्यात गुंता वाढवून ठेवलाय.

आता "६ लाखात होते का" याला हो किंवा नाही असं उत्तर नाही. पंचवीस-तीस मिनिटांची फिल्म असेल, पोरं गावातलीच, शाळा ओळखीची, जेवण कुणाच्या तरी घरून, तर होते आणि चांगली होते. दोन तासांची करून थिएटरला लावायची म्हणशील तर ६ लाखात शूटिंग होईल कदाचित, पण पुढचं एडिट, साउंड मिक्स, कलर, सेन्सॉर, पब्लिसिटी यातलं काहीच होणार नाही, आणि अशा अर्ध्यात राहिलेल्या फिल्मच्या हार्ड डिस्का पुण्यात कितीतरी जणांच्या कपाटात पडून आहेत. त्यामुळे पुढचं सगळं मी तू छोटी फिल्म करतोयस असं धरून लिहितोय.

आधी पोरांकडून काम काढायचं बोलू. फिल्मच्या रोलवर शूटिंग व्हायचं तेव्हा ३५ एमएमचा ४०० फुटांचा रोल साडेचार मिनिटांच्या आत संपायचा, आणि कॅमेरा फिरायला लागला की निर्मात्याला रिक्षाचा मीटर पळताना दिसायचा. त्यामुळे आधी रिहर्सल, मग शांतता, मग "ॲक्शन" अशी सगळी जय्यत तयारी. मोठ्या नटाला त्याची सवय असते. चौदा वर्षांचं पोरगं मात्र त्या "ॲक्शन"ला दगड होतं, आत्ता मिनिटभरापूर्वी मित्राच्या पाठीत धपाटा घालत होतं तेच आता हात कुठे ठेवू म्हणून बघायला लागतं. डिजिटलने हे सोडवलं. कार्डाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे न सांगता कॅमेरा चालू ठेवता येतो, सीन संपला तरी "कट" न म्हणता पोरांना तसंच राहू देता येतं. मी तर पोरांचे माइक जेवायच्या सुट्टीतही काढत नाही (त्यांना सांगून ठेवलेलं असतं, चोरून नाही), कारण हसणं, एकमेकांना चिडवणं, उगाच केलेला ऊं-आं हे सगळं तेव्हाच मिळतं आणि एडिटमध्ये सोन्याच्या भावाने लागतं.

पण याला दुसरी बाजू आहे. आयफोनवर ४के प्रोरेसमध्ये (भारी दर्जाचा, पण फार जागा खाणारा व्हिडिओ फॉरमॅट) शूट केलंस तर मिनिटाला साधारण ६ जीबी जातात, म्हणजे तासाला ३६० जीबी. दिवसभर चालू ठेवलास तर रात्री कॉपी करायला कोण बसणार, डिस्क किती लागणार, आणि ते सगळं बघून एडिट कोण करणार? तुला प्रोरेसची गरज नाही. एचईव्हीसीमध्ये (कमी जागा खाणारा फॉरमॅट) शूट कर, दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी घे, आणि दोन्ही डिस्क एकाच बॅगेत घालून फिरू नको.

आता माझं दुःख, म्हणजे आवाज. आपल्याकडे सगळं नंतर डबिंगला करायची पद्धत का पडली, त्याचं एक मोठं कारण म्हणजे कॅमेरेच भयंकर आवाज करायचे. ॲरी टू-सीसारखा कॅमेरा चालू झाला की त्या घरघरीत जागेवरचा आवाज वापरण्यासारखा राहायचाच नाही, मग नंतर बंद स्टुडिओत सगळे डायलॉग परत म्हणायचे. लगानसारख्या मोठ्या फिल्मने २००१ मध्ये सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच जागेवर घेतलेला आवाज, केला तेव्हा हिंदीत त्याची केवढी चर्चा झाली होती. पुढे डिजिटल कॅमेरे आले, ते जवळजवळ मुके, रेकॉर्डर खिशात मावायला लागले, आणि जे फक्त मोठ्यांना परवडायचं ते छोट्या मराठी फिल्मला पण परवडायला लागलं. लोकांना वाटतं टेक्नॉलॉजीने फिल्मचं चित्र बदललं, मला विचारशील तर पोरांच्या फिल्मपुरतं तिने सगळ्यात मोठं काम आवाजात केलं, कारण गावच्या पोराचा स्वतःचा आवाज पडद्यापर्यंत पोचायला लागला.

कारण डबिंग हे वेगळंच कसब आहे. अंधाऱ्या खोलीत, कानाला हेडफोन, समोर स्वतःचेच ओठ हलताना दिसतायत, आणि त्या ओठांवर बरोबर बसेल असं बोलायचं, वर परत रडायचं. अनुभवी नट करतात. तुझं पोरगं तिथे धडा वाचून दाखवल्यासारखं बोलणार, आणि गंमत म्हणजे त्याची बोलीच बदलते. गल्लीत "काय करालायस" म्हणणारा पोरगा स्टुडिओत माइक बघून "काय करतो आहेस" म्हणतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, माइक बघितला की शाळेतलं मराठी आपोआप बाहेर येतं. मग दिग्दर्शक वैतागतो आणि शहरातला डबिंग आर्टिस्ट आणतो, तो गावाकडचं बोलणं म्हणून प्रत्येक वाक्याला "व्हय जी" लावतो, झालं. सैराटमधल्या रिंकू राजगुरूला ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, ती तेव्हा शाळेत होती, अकलूजची. तिच्या जागी गुळगुळीत आवाजाची दुसरी कुणी बोलली असती तर आर्ची उरली असती का, सांग.

आणि मुलांच्या बाबतीत अजून एक भानगड आहे, ती कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुलांचा आवाज फुटतो. एका फिल्ममध्ये मुख्य काम करणारा पोरगा शूटिंगला बारीक, टणटणीत आवाजाचा होता, नुसती हाक मारली तरी रेकॉर्डरचा मीटर लाल व्हायचा. नदीकाठचे सीन होते, तिथे पंप चालू होते, ते बंद करायला कुणी गेलं नाही, म्हणे डबिंगला बघू. डबिंग लागलं दिवाळीनंतर. पोरगा आला तो मिसरूड फुटलेला, उंची वाढलेली, आणि तोंड उघडलं तर आवाज बापासारखा, मधेच चिरकतोय. मुलग्याचा आवाज या वयात जवळजवळ एक सप्तक खाली जातो, स्वरयंत्रच वाढतं ना. कॉम्प्युटरवर पिच वर नेला तर कार्टून वाटायला लागलं, कारण नुसती पट्टी बदलत नाही, घशाची-तोंडाची पोकळी मोठी झाल्यावर आवाजाचा पोतच बदलतो, तो वेगळा दुरुस्त केला तरी चिरकणं राहतंच. शेवटी एका बाईंनी त्याचा आवाज केला, त्यांनी काम उत्तम केलं यात वाद नाही, पण शोला पोराची आई म्हणाली, "ह्यो माझा बबड्या न्हाई." बरोबर होतं तिचं.

म्हणून चौदा-पंधराच्या मुलग्यांची फिल्म करतोयस तर जागेवरचा आवाज हाच शेवटचा आवाज असं समजूनच शूट कर, "नंतर बघू" हा पर्याय तुझ्याकडे नाहीच. माझ्या मते तुझ्या ६ लाखातले लाख-सव्वा लाख आवाजाला गेले पाहिजेत. लोक दहा हजार ठेवतात. एक साउंड रेकॉर्डिस्ट, एक बूम धरणारा, चार पोरांना चार लेपल माइक (कपड्याला लावायचे छोटे माइक), वर एक बूम. आता ३२ बिट फ्लोट रेकॉर्ड करणारे रेकॉर्डर मिळतात, त्यात पोरगं कुजबुजता कुजबुजता एकदम ओरडलं तरी रेकॉर्डरमध्ये आवाज फाटत नाही, लेव्हल नंतर खालीवर करता येते. पोरांसोबत हे फार कामाचं आहे कारण पोरं टेकमध्ये काय करतील सांगता येत नाही. पण त्याने पंपाचा आवाज जात नाही हां, आणि माइक शर्टावर घासला तर तो घासल्याचा आवाज ३२ बिटमध्ये छान स्पष्ट येतो. शाळेच्या युनिफॉर्मचं कापड नवीन असलं की कडक असतं, खरखरतं, म्हणून युनिफॉर्म आधी दोन-चार वेळा धुवून घ्या, पडद्यावर पण तो वापरलेला दिसतो. आणि प्रत्येक जागेचा निदान मिनिटभर नुसता मोकळा आवाज घ्यायचा, कुणी न बोलता. हे पोरांना सगळ्यात अवघड जातं, एक जण हसला की सगळे सुटतात.

फोनवर शूट कर, माझी काही हरकत नाही. मामीवाल्यांनी (मुंबईचा फिल्म फेस्टिव्हल भरवणारे) २०२४ पासून आयफोनवर शूट केलेल्या शॉर्ट फिल्मांचा उपक्रमच सुरू केलाय, म्हणजे आता फोन ही काही लपवायची गोष्ट राहिली नाही. फक्त फोनचा नेहमीचा कॅमेरा वापरू नको. तो स्वतःच्या मनाने फ्रेमरेट खालीवर करतो, सेकंदाला कधी ३० फ्रेम कधी साडेएकोणतीस, आणि मी वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांवर बसतो आणि पाच मिनिटांनी सरकलेला असतो. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, त्यात फ्रेमरेट लॉक कर, २४ किंवा २५, आणि शटर १/५० ठेव कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर वर्गातल्या ट्यूबलाइट फडफडताना दिसतील. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. फोन एरोप्लेन मोडवर. आणि क्लॅप द्या रे बाबांनो, त्यावरूनच नंतर चित्र आणि आवाज जुळवतात, नुसती हाताने टाळी वाजवली तरी चालते, पण द्या. कॅमेरा भाड्याचे पैसे वाचले ते आवाजात आणि पोरांच्या वर्कशॉपमध्ये टाक.

इथवरचं थोडक्यात: फोन चालेल, कॅमेरा न सांगता चालू ठेव, डबिंगच्या भरवशावर राहू नको, आणि पैसे आवाजाला ठेव. आता तुझ्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग, पोरांच्या हातातला मोबाइल.

हे कधी बघितलंयस का, की मराठीत गाजलेल्या शाळकरी वयाच्या बऱ्याच फिल्म जुन्या काळात घडतात? सुजय डहाकेंची शाळा आणीबाणीच्या काळातली. रवी जाधवांच्या बालक पालकमध्ये ८० च्या दशकातली पोरं चोरून व्हीसीआरवर कॅसेट बघतात. त्यांचाच टाइमपास ९० च्या दशकातला. आठवणींचा बाजार चांगला चालतो हे आहेच, पण माझं मत असं की लिहिणाऱ्याची पण त्यात सोय असते. शाळकरी प्रेमाच्या गोष्टीला अडथळा लागतो. चिठ्ठी द्यायची कुणाच्या हातून, ती बापाच्या हातात पडली तर, फोन लावला आणि तिच्या आईने उचलला तर. मोबाइलने हे सगळे अडथळे एका फटक्यात काढून टाकले. दोघांकडे फोन असला की चिठ्ठीची गरजच नाही, मग सीन कशावर उभा करणार? म्हणून लेखक पाठीमागे पळतात. व्हीसीआर हे पण तेव्हाचं नवं तंत्रज्ञानच होतं की, पण ते भाड्याने आणायला लागायचं, घर रिकामं असायला लागायचं, चार जणांनी मिळून बघायला लागायचं, कॅसेट परत करायला लागायची. प्रत्येक पायरीवर एक सीन. आज तेच पोरगं एकट्याने पांघरुणात बघतं, सीन शून्य.

पण अडथळे गेले नाहीत, बदलले. तुझ्या गावातली पोरं मोबाइल कसा वापरतात ते नीट बघ. नववीतल्या कितीजणांकडे स्वतःचा फोन आहे? बऱ्याच घरात एकच फोन, तो बापाचा, संध्याकाळी सात ते नऊ पोराच्या हातात, "अभ्यासाचा ग्रुप बघतोय" या नावाखाली. म्हणजे चॅट डिलीट करून फोन परत द्यायचा. त्यात कुणी उशिरा रिप्लाय दिला आणि तेवढ्यात फोन बापाकडे गेला, आणि बाप पारावर बसलाय, आणि मेसेज आला. बघ, चिठ्ठी बापाच्या हातात पडण्याचा सीन परत मिळाला, आणि आधीपेक्षा भारी, कारण पोरगा दुरून बघतोय आणि काही करू शकत नाही. निळी टिक आलीय पण उत्तर नाही. "टायपिंग..." दिसतंय आणि मग बंद झालं. शाळेच्या ग्रुपवर चुकून गेलेला मेसेज, "डिलीट फॉर एव्हरीवन" केला तरी "हा मेसेज डिलीट केला" एवढं दिसतंच, आणि उद्या शाळेत सगळे विचारणार काय होतं ते. मुलीचा फोटो कुणी फॉरवर्ड केला तर, हा तर हसण्यावारी न्यायचा विषयच नाही. रिचार्ज संपणं पण आहे. बहिणीला फोन मिळतच नाही आणि भावाला मिळतो, यावर तर अख्खी फिल्म होईल.

दाखवायचं कसं? पडद्यावर चॅटचे फुगे उडवायची फॅशन आहे, ती मला दोन मिनिटांच्या वर सोसत नाही, आणि छोट्या फोनवर फिल्म बघणाऱ्याला ते वाचता पण येत नाही. फोनच्या स्क्रीनचा क्लोजअप घेतलास तर त्यातली वेळ, तारीख, बॅटरी, नेटवर्क सगळ्याची कंटिन्युटी सांभाळायला लागते, एका सीनला बॅटरी १४ टक्के आणि पुढच्या क्षणी ६१, हे पोरं लगेच पकडतात, मोठे नाही पकडणार. मी म्हणतो चेहरा दाखव. अंधारात फोनचा उजेड चेहऱ्यावर पडलेला, मेसेज आला की डोळे आधी काय करतात, ओठ काय करतात. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते पुढच्या सीनला कळलं तरी चालतं, उलट उत्सुकता राहते.

आणि व्हॉइस नोट! गावाकडची पोरं टाइप कमी करतात, व्हॉइस नोट जास्त पाठवतात, मराठी टाइप करायचा कंटाळा. ही साउंडवाल्यासाठी आणि दिग्दर्शकासाठी लॉटरी आहे. माणूस समोर नसताना त्याचा आवाज सीनमध्ये येतो, पोरगं तीच नोट परत परत ऐकतं, कानाला लावून ऐकतं म्हणजे कुणाला कळू नये, आणि चुकून स्पीकरवर वाजली तर बोंबच. नोट बोलताना मागे तिच्या घरातला कुकर, टीव्ही, आईची हाक ऐकू येते, तिचं घर न दाखवता दिसतं. फक्त त्या नोटा खरोखर फोनवरच रेकॉर्ड करा, चांगल्या माइकवर करून नंतर इफेक्ट लावू नका, फोनचा तो दाबलेला आवाज लगेच ओळखू येतो. आणि सीनमध्ये ऐकणाऱ्या पोराला ती पहिल्यांदा टेक चालू असतानाच ऐकवा.

पोरं निवडताना एक सूचना. हल्ली ऑडिशन म्हटलं की रील मागवतात. टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये बंद झालं आणि सगळी पोरं इन्स्टावर आली, त्यामुळे कॅमेऱ्याची भीती या पिढीला नाही, हे चांगलंच. पण रीलवाल्या पोराला दोन सवयी लागलेल्या असतात. ते लेन्समध्ये बघतं, आणि दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायची सवय असल्याने समोरच्याचं वाक्य ऐकतच नाही, आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतं. हे मोडायला आठवडा-दोन आठवडे जातात. रीलवर हजारो लाइक असलेल्यापेक्षा वर्गात शिक्षकांची नक्कल करणारं पोरगं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण नक्कल करायला आधी ऐकायला लागतं. वर्कशॉपमध्ये डायलॉग पाठ करून घेऊ नको. प्रसंग सांग, पोरांना त्यांच्या शब्दात बोलू दे, ते रेकॉर्ड कर आणि तुझी स्क्रिप्ट त्यावरून दुरुस्त कर. २३ चा असलास तरी नववीतल्या पोरांची आजची शिवी तुला माहीत नसणार.

एआयबद्दल. मी वापरतो, खोटं कशाला बोलू. मागचा पंखा, दुचाकी, वारा कमी करायला आता जी सॉफ्टवेअर आहेत ती दहा वर्षांपूर्वी स्वप्नात नव्हती. पण जास्त रेटली की श, स, च कुरतडले जातात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. गर्दीत चार पोरं एकावर एक बोलतात तिथे तर ते कुणाचा आवाज ठेवायचा आणि कुणाचा काढायचा ते स्वतःच ठरवतं, आणि बऱ्याचदा चुकीचं ठरवतं. स्टोरीबोर्डची चित्रं काढायला, सबटायटलचा पहिला खर्डा करायला वापर, बोली मात्र स्वतः तपास. पोरांच्या आवाजाची नक्कल मशीनकडून करून घ्यायची असा सल्ला तुला कुणीतरी देईलच, की दोन ओळी राहिल्या तर काय एवढं, एआयने करू. माझा याला विरोध आहे. हॉलीवूडमध्ये २०२३ ला कलाकारांचा संप ११८ दिवस चालला त्यात आपला चेहरा आणि आवाज मशीनने परस्पर वापरू नये हा मोठा मुद्दा होता, ते सज्ञान लोक, त्यांची युनियन, वकील. तुझ्या पोराच्या बाजूने कोण आहे? आई-बाप सही करतील, पण कशावर सही केली ते त्यांना कळलेलं नसेल. करारात सरळ लिही की आवाज आणि चेहरा या फिल्मपुरताच, नवीन काही बनवायला वापरणार नाही.

कायद्याचं पण बघून घे, कारण छोट्या फिल्मवाले हे हमखास विसरतात. १४ वर्षांखालचं मूल असेल तर बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनातले निदान २० टक्के त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. नववीत काही पोरं तेरा-साडेतेराची पण असतात, म्हणून जन्मदाखला आधीच बघ. १४ पूर्ण झालेल्यांना हे नियम तसेच्या तसे नाहीत, पण मी म्हणेन सगळ्या चौघांना तेच तास लाव, पाच तासांनंतर पोरांकडून तसंही काही निघत नाही, नुसता दंगा.

शेवटी पोचवायचं. इथे टेक्नॉलॉजीने दार उघडलं आणि आत गर्दी करून ठेवली. युट्युबला सेन्सॉर लागत नाही, थिएटरला लागतं. २०२४ पासून सेन्सॉरमध्ये यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी बघायच्या फिल्मचं सर्टिफिकेट) ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, ते पालकांना अंदाज यावा म्हणून आहेत, दारात कुणी अडवत नाही. पण फिल्मला ए मिळालं तर १८ खालच्यांना थिएटरची दारं बंद, म्हणजे पोरांवरची फिल्म पोरांनाच बघता येणार नाही. तुझ्या गोष्टीत शिव्या असतील तर पुढे कधी थिएटरचा विचार आहे का ते आत्ताच ठरव. ओटीटीवाले नवख्याची मराठी छोटी फिल्म विकत घेतील या आशेवर बजेट मांडू नको. आधी फेस्टिव्हलला पाठव, युट्युबवर नंतर टाक, कारण बऱ्याच ठिकाणी आधी ऑनलाइन टाकलेली फिल्म घेत नाहीत. आणि मिक्स करताना ऐक कशावर? तुझा प्रेक्षक ती स्वस्तातल्या फोनच्या स्पीकरवर ऐकणार, ज्यात खालचे सूर येतच नाहीत. स्टुडिओत छातीत धडधडणारी हलगी फोनवर पत्र्याचा डबा होते. म्हणून शेवटचं मिक्स एखाद्या साध्या फोनवर, एसटी स्टँडवर उभा राहून ऐकून बघ. तिथे डायलॉग कळले तर सगळीकडे कळतात.

तारखांचं तू विचारलं नाहीस पण सांगतोच, कारण अर्धा आवाज तिथेच ठरतो. पोरं आणि शाळेची इमारत दोन्ही मोकळी मिळतात म्हणून सगळे मे महिन्यात शूटिंग लावतात. मे म्हणजे लग्नसराई, गावात रोज एक डीजे, दुपारी ऊन असं की पोरांच्या तोंडचा घाम पुसता पुसता लेपलची टेप सुटते, आणि पंखा बंद करा म्हटलं की शिक्षकच आमच्याकडे बघतात. दिवाळीच्या सुट्टीत पहिले चार-पाच दिवस फटाके. त्यानंतर ऊसतोड सुरू झाली की तुमच्या भागात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, त्यावर गाणी, तीही रात्रीपर्यंत. मला विचारशील तर फटाके संपल्यापासून शाळा उघडेपर्यंतचे जे दिवस उरतात ते धर, सकाळी सात ते बारा मैदान आणि रस्त्यावरचे सीन, दुपारी वर्गाच्या आतले, आणि शाळा मेन रोडवर असेल तर आतल्या बाजूचा वर्ग निवड, खिडकी कितीही सुंदर दिसली तरी. कारखाना कधी चालू होतोय ते गावात आधी विचार, त्यावरून उरलेले दिवस मोज, आणि स्क्रिप्ट झाली की लोकेशनचे फोटो पाठवू नको, प्रत्येक जागेवर पाच-पाच मिनिटं फोन ठेवून आवाज रेकॉर्ड कर, सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, आणि ते पाठव. कुठला सीन कुठे हलवायचा ते ऐकून सांगतो.